कोजागरी ते कार्तिकी : एका पौर्णिमेचे अंतर

दसरा आटोपला की आमच्या कोहमाऱ्याचा वास बदलतो. चार महिने चिखलाचा आणि ओल्या गवताचा असलेला तो वास आता पिकलेल्या धानाचा होतो. गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता आणि नागपूर-रायपूर महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकात उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या बांध्या पिवळ्या पडत चाललेल्या दिसतात. हलका धान कापणीला आलेला असतो आणि भारी धान अजून ओंब्या सांभाळीत उभा असतो. पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते, दुपारी मात्र ऊन टोचते. शरद ऋतू सरत आला आणि हेमंत अद्याप उंबरठ्याबाहेर आहे, असा हा काळ.

याच दिवसांत वाचक भगिनी दरवर्षी विचारतात, ‘परसात काही पेरावे म्हणते, पण आता उशीर तर झाला नाही ना?’ कोणाच्या घरामागे दहा हात जागा असते, तर कोणाकडे दुकानाच्या गच्चीवर चार कुंड्या. उत्तर सर्वांना एकच आहे. उशीर झालेला नाही. उलट, जैन स्वयंपाकघराच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोलाची पेरणी हीच आहे. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

आपल्या घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते. पावसाळी पानांवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती मोठी, म्हणून आषाढापासून कार्तिकापर्यंत मेथी, पालक, सांभार स्वयंपाकघरात येत नाही. अनेक श्वेतांबर कुटुंबांत तर हा नियम फाल्गुनी चौमासीपासूनच लागू होतो आणि तो आठ महिने चालतो. म्हणजे पालेभाजीसाठी उरतात ते केवळ चार महिने, कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचे. निसर्गाचा हिशेबही हेच सांगतो. मेथी, पालक आणि सांभार ही थंडीची पिके आहेत. उन्हाळ्यात पेरली तर पाने धरण्याआधीच ती फुलोऱ्यावर येतात, आणि पावसात कुजतात. पूर्वजांनी जे चार महिने मोकळे ठेवले, त्याच चार महिन्यांत ही पाने सर्वांत कोवळी, स्वच्छ आणि चवदार असतात.

आता दिवस मोजू. मेथी पेरल्यापासून पंचवीस ते तीस दिवसांत कापणीला येते. कोजागरी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे अंतर चांद्रमासाचे, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांचे. कोजागरीच्या आसपास पेरलेली मेथी कार्तिकी पौर्णिमेच्या ताटात येते. आमच्या आईला हे गणित कोणी शिकवले नव्हते. कोजागरीचे दूध चंद्रप्रकाशात ठेवायच्या दिवशी सकाळीच ती मेथीचा वाफा पेरून मोकळी होत असे. सांभाराला मात्र चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणून त्याचा पहिला वाफा ती पितृपंधरवड्यातच, जरा उंच जागी, पावसाची सर आली तर पाणी साचू नये अशा बेताने पेरी.

झाडीपट्टीची जुनी शिकवण

आमच्या धानपट्ट्यात या ऋतूतील पेरणीची एक जुनी रीत आहे. तिला उतेरा म्हणतात. शेजारच्या छत्तीसगडातही ती चालते. धान अजून उभाच असतो. कापणीला दोन-तीन आठवडे अवकाश असतो आणि बांधीतले पाणी उतरून खाली मऊ चिखल उरलेला असतो. अशा वेळी शेतकरी उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस फोकून देतो. नांगर नाही, वखर नाही, वेगळे पाणीही नाही. धानाच्या सावलीत ते बी ओलीवर रुजते. धान कापला की वरचे ऊन मोकळे होते आणि धसकटांमधून हिरवी रोपे वर येतात. उरलेली ओल आणि रात्रीचे दव एवढ्यावर ते पीक पुढे निघते.

लाखोळीचे नाव निघाले की जुन्या व्यापारी घरांना तिची कथा आठवते. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ हीच डाळ खाल्ली, तर तिच्यातील एका विषारी घटकामुळे पायांतील शक्ती जाते, या कारणावरून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. शेतात पीक उभे आणि बाजारात विक्रीला मनाई, अशी विचित्र अवस्था अनेक दशके राहिली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून प्रदीर्घ लढा दिला. शेवटी २००८ साली महाराष्ट्र शासनाने राज्यातील बंदी उठवली. अन्नातील एक घटक म्हणून, भिजवून व उकळून ते पाणी टाकून देऊन, इतर धान्यांसोबत खाणे वेगळे, आणि उपासमारीत केवळ त्यावरच जगणे वेगळे. दोष दाण्यात किती आणि दारिद्र्यात किती, हा प्रश्न या डाळीने सर्वांपुढे ठेवला.

परंतु मला येथे सांगायचे आहे ते त्या रीतीविषयी. उतेऱ्यात जमीन उकरली जात नाही. परसबागेविषयी आपल्यातील पुष्कळांच्या मनात जो संकोच असतो, त्याचे निम्मे उत्तर या रीतीत आहे.

संकोचाचे काय?

संकोच खरा आहे आणि तो असावा. कुदळ मारली की पृथ्वीकायाची विराधना होते, गांडुळे आणि मुंग्या दुखावतात, पाणी घातले की अप्काय आला. आमच्या आजी या कारणाने स्वतः माती उकरीत नसत. बाजारातून भाजी आणली की आपण त्यातून सुटलो, असे त्यांना वाटे. एकदा चातुर्मासात गावी थांबलेल्या एका साध्वीजींपुढे त्यांनी ही गोष्ट समाधानाने सांगितली. साध्वीजी शांतपणे म्हणाल्या, ‘कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्हींचा विचार केला का?’ आजी गप्प झाल्या. ज्या भाजीसाठी कोणीतरी औषध फवारले, ती आपण पैसे देऊन घेतो तेव्हा त्या फवारणीला आपली संमती असतेच.

पूर्णतः निर्दोष शेती नसते, हे मान्य करावे आणि मग यतनेने जेवढे कमी करता येईल तेवढे करावे. त्यासाठी अनुभवाने पटलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे खोल खणू नये. पावसाळ्यातील भेंडी, चवळी किंवा दोडका संपत आला असेल, तर झाड मुळासकट उपटू नये, जमिनीलगत कापावे. मुळे आतच कुजतात, माती भुसभुशीत राहते आणि तिच्यातील जीवांचे घर मोडत नाही. भेंडीची झाडे उभी असतानाच त्यांच्या मधल्या जागेत मेथी फोकावी आणि बोटांनी वरची माती किंचित हलवावी. हाच घरगुती उतेरा. मेथी दोन पानांवर आली की भेंडी कापून घ्यावी.

दुसरी, पेरण्यापूर्वी वाफा एक दिवस ओला करून तसाच ठेवावा. मुंग्या आणि किडे ओल सोडून कडेला सरकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट दिसत असताना, काम करावे.

तिसरी, वाफ्याच्या कडेला मोहरीची एक ओळ लावावी. मावा आधी मोहरीकडे वळतो. ती ओळ आपली नाही, असे समजून सोडून द्यावी. आमची आई तिला ‘त्यांची पंगत’ म्हणत असे. मेथीच्या वाफ्यावर मात्र जुन्या सुती साडीचा पातळ आडोसा धरला, तर पाखरे आणि पतंग दोन्ही दूर राहतात, आणि फवारणीचा प्रश्नच येत नाही.

चौथी, भाजी खुडणे आणि निवडणे नेहमी दिवसाउजेडी करावे. आपल्या परसातील पान आपण स्वतः उलटून पाहू शकतो. बाजारातील जुडी किती हातांतून आणि कोणत्या पाण्यातून आली, ते आपल्याला दिसत नाही.

काय पेरावे, कसे पेरावे

मुळा, गाजर, बीट, कांदा, लसूण आणि बटाटा ही कंदमुळे आपल्या वाफ्यात येत नाहीत; हिवाळी बागेचा अर्धा भाग त्यामुळे आपोआप मोकळा होतो. फुलकोबीच्या गड्ड्यात जीव दडून राहतात, म्हणून अनेक घरे तीही टाळतात. एवढे वगळूनही यादी लहान नाही.

मेथीचे बी तीन ते पाच दिवसांत उगवते, म्हणून नवशिक्याने तिच्यापासूनच आरंभ करावा. सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. दर दहा दिवसांनी एक पट्टा पेरला, तर माघापर्यंत कोवळी भाजी मिळत राहते. शिवाय मेथी कडधान्याच्या कुळातील आहे. तिच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र ठेवून जातात.

धन्याविषयी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. आपण ज्याला धन्याचा दाणा म्हणतो त्यात दोन बिया असतात. दाणा अखंड पेरला तर उगवण उशिरा आणि विरळ होते. म्हणून तो पायातील चपलेने वा पाट्याने हलकेच रगडून दोन भाग करावेत, रात्रभर पाण्यात भिजवावेत आणि सावलीत निथळून पेरावेत. तरीही आठ ते पंधरा दिवस वाट पाहावी लागते. तोवर वाफ्यावर धानाच्या तणसाचा पातळ थर पसरावा म्हणजे ओल टिकते. पहिला हिरवा टोक दिसला की तणस उचलावे. उशीर केला तर रोपे पिवळी आणि उंच होतात.

पालकाचे बी उष्ण मातीत रुसते. दुपारच्या उन्हात माती हाताला गरम लागत असेल, तर आठवडाभर थांबावे. वाटाणा रात्रभर भिजवून दोन बोटे खोल टोकावा आणि त्याला काटक्यांचा आधार द्यावा. कोजागरीपासून कार्तिक संपेपर्यंत वाटाणा पेरता येतो; शेंगा दोन-अडीच महिन्यांत मिळतात. वालाचा वेल, म्हणजे आपल्याकडच्या पोपटाच्या शेंगा, पावसाळ्यातच लावलेला असला तर आता फुलावर येईल. त्याला फक्त मांडव द्यावा. टोमॅटोचे बी आता पेरीत बसण्यापेक्षा महिन्याची रोपे आणून लावणे सोयीचे. रोपे सायंकाळी लावावीत, म्हणजे रात्रीच्या गारव्यात ती सावरतात.

माती आपापली ओळखावी. आमच्याकडची कन्हार जमीन काळी आणि चिकट असते, ती पाणी फार काळ धरते. तिच्यात वाफे उंच करावेत. मोरांड जमीन मध्यम, भाजीला चांगली. खर्डी आणि बर्डी जमीन हलकी आणि तहानलेली. तिला कुजलेले शेणखत अधिक आणि पाणी थोडे थोडे पण वारंवार द्यावे.

फुलांचेही हेच दिवस. झेंडू, ॲस्टर, कॅलेंडुला, फ्लॉक्स यांचे बी आता रोपवाफ्यात किंवा पसरट कुंडीत पेरावे. बी बारीक असेल तर मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पेरावे, म्हणजे दाट पडत नाही. वरून बियाच्या जाडीइतकीच माती असावी. चार-पाच पानांवर रोप आले की जागी लावावे. झेंडू साधारण दोन महिन्यांत फुलतो, बाकीची फुले पौष-माघात येतात. शेवंती पावसाळ्यात लावलेली असेल तर तिला आता कळ्या धरतील. तिच्यावर पाणी वरून न ओतता बुंध्याशी द्यावे. ज्यांच्या परंपरेत पूजेत फुले वाहतात, त्यांना घरची ताजी, निरखून घेतलेली फुले मिळतील. ज्यांच्या परंपरेत फुले वाहत नाहीत, त्यांनी ती झाडावरच राहू द्यावीत. वाटाण्याच्या वेलाशेजारी फुलझाड असले की मधमाश्यांची ये-जा वाढते आणि बाग भरल्यासारखी वाटते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली लेस्टरला, अँटवर्पला आहेत. ती सांगतात की तिकडेही शरदाच्या अखेरीस पेरतात, पण हेतू निराळा असतो. खसखशीच्या कुळातील काही फुलांचे बी तिकडे बर्फ पडण्यापूर्वी मातीत टाकतात. ते हिवाळाभर निजून राहते, थंडी खाऊन जागे होते आणि वसंतात उगवते. तिकडे हिवाळा बियाच्या झोपेचा काळ, आणि आपल्याकडे तोच वाढीचा. म्हणून तिकडची पुस्तके वाचून इकडे पेरू नये. त्यांची मार्चातली कामे आपल्याकडे ऑक्टोबरात येतात.

बियाची परीक्षा

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, बी. ती सांगताना मला स्वतःचा एक दोष सांगावा लागेल.

चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे दुकान किराण्याचे, पण मोसमात आम्ही भाजीपाल्याचे सुटे बीही ठेवीत असू. मी नुकताच गल्ल्यावर बसू लागलो होतो. गतवर्षीचे धने गोदामाच्या भिंतीशी एका पोत्यात राहिले होते. दोन महिने त्यांना पावसाची ओल लागली होती. वडिलांनी, आम्ही त्यांना बाबूजी म्हणत असू, ते बियासाठी विकायचे नाहीत असे बजावून ठेवले होते. नवा माल आला तेव्हा मी जुने धने डब्यात ओतले आणि वर नवे टाकले. दोन-चार पायल्यांचा माल वाया का घालवायचा, एवढाच विचार होता. दिसायला दोन्ही सारखेच होते.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी मरार समाजातील एक बाई धने घेऊन गेल्या. त्यांनी तलावाखालचा एक तुकडा ठेक्याने घेतला होता. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडया भरतात, रात्री झाडीपट्टीची नाटके होतात, घरोघरी पाहुणे येतात आणि सांभाराला चांगला भाव मिळतो. शेवटच्या मंडयांना आणि पुढच्या आठवडी बाजारांना आपला सांभार यावा, असा त्यांचा हिशेब होता.

भाऊबीज होऊन गेली आणि त्या दुकानाच्या पायरीशी आल्या. पदराच्या गाठीत उरलेले धने होते.

‘शेठजी, पंधरा दिवस झाले जी, धने काही निंगाले नाही. कुठं कुठं एखादा कोंब दिसते.’

‘बी आमच्याकडूनच नेले होते का, बाई?’ बाबूजींनी विचारले.

‘हो जी. तुमच्याच पोरानं तोलून देल्लं.’

बाबूजींनी गाठीतले दहा दाणे मोजून घेतले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि गल्ल्याशेजारी ठेवले. मग ते माझ्याकडे वळले. ‘याचा निकाल कळायला दहा दिवस लागतील. तेवढे दिवस या बाईंकडे नाहीत. तूच सांग, पोत्यातले होते का?’

मी खाली पाहिले. त्यांना उत्तर मिळाले.

त्यांनी धन्याची किंमत परत केली. त्या तुकड्याचा त्या मोसमाचा ठेकाही दिला. बाई म्हणाल्या, ‘पैसा तं भेटला जी, पण दिवस गेले ना. आता का करू?’ बाबूजी क्षणभर थांबले आणि आत जाऊन आईशी बोलले. मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे निवडलेली मेथी त्यांना त्याच दिवशी देण्यात आली, कारण गेलेल्या पंधरा दिवसांची भरपाई करू शकेल असे तेच एक पीक होते. आणि दुसरी, आईचा पितृपंधरवड्यात पेरलेला सांभाराचा वाफा, जो आता हातभर लांब आणि घमघमीत झाला होता, तो सगळा त्यांना कापून नेऊन विकायला सांगितला. तो वाफा कार्तिकी पौर्णिमेसाठी राखलेला होता. आठ महिन्यांनंतरचे पहिले हिरवे पान म्हणून घरातील सगळे त्याची वाट पाहत होते.

मी म्हणालो, ‘बाबूजी, पैसे तर दिलेच होते.’ ते म्हणाले, ‘पैसे आपल्या गल्ल्यात आहेत, म्हणून दिले. पंधरा दिवस आपल्या गल्ल्यात नाहीत. ते कोठून देणार?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या बाईंच्या तुकड्यावर पाठवले. वाफे पुन्हा हलवून मेथी फोकायची होती. दुपारपर्यंत मी उकिडवा बसून काम केले. निघताना हात जोडून क्षमा मागितली. पर्युषण दोन महिन्यांपूर्वीच झाले होते आणि तेव्हा मी गावभर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत फिरलो होतो. पण खरी क्षमा मागितली ती त्या दिवशी, चिखलाच्या हातांनी. बाईंनी काही मोठे शब्द वापरले नाहीत. म्हणाल्या, ‘पुढं पाहून देत जा जी भाऊ.’

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेला आमच्या ताटात हिरवे पान आले नाही. आईने दुधीची भाजी केली. कोणी काही बोलले नाही. फडक्यातल्या दहा दाण्यांपैकी तीन उगवले होते. बाबूजींनी ते फडके मला दाखवले आणि परत गुंडाळून ठेवले.

आपल्या शास्त्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चांगल्या मालात हलका माल मिसळून देणे हाही एक आहे. त्याचे नाव मी पाठशाळेत पाठ केले होते. तो अतिचार म्हणजे नेमके काय, ते मला धन्याच्या डब्याने शिकवले. तांदळात खडे निघाले तर गिऱ्हाईक परत येऊन भांडू शकते. बी खोटे निघाले, हे कळेपर्यंत ऋतूच निघून गेलेला असतो. म्हणून बियाचा व्यापार इतर व्यापारांहून जड आहे.

तेव्हापासून आमच्या दुकानात नवरात्र बसले की बियाच्या प्रत्येक पोत्यातील दहा दाणे ओल्या फडक्यात घातले जातात आणि किती उगवले ते डब्यावर खडूने लिहिले जाते. सहापेक्षा कमी उगवले तर ते बी विकले जात नाही. आता सुटे बी फारसे कोणी घेत नाही, पाकिटे येतात. तरी रीत चालू आहे.

घरासाठी बी घेणाऱ्यांनीही हेच करावे. पाकिटावर उगवणीची टक्केवारी आणि तपासणीचा दिनांक छापलेला असतो. तो कायद्यानेच बंधनकारक आहे. भाव विचारण्याआधी तो वाचावा. जुन्या तारखेचे पाकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. घरी आल्यावर दहा दाणे ओल्या फडक्यात घालून पाहावेत; मेथीचा निकाल चार दिवसांत आणि पालकाचा आठ-दहा दिवसांत कळतो. दहापैकी पाचच उगवले तर दुप्पट दाट पेरावे, दोन-तीनच उगवले तर ते बी टाकून द्यावे. गुलाबी किंवा निळसर रंग चढवलेले बी औषध लावलेले असते. ते स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवू नये, उरलेले दाणे पाखरांना टाकू नयेत, आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. शक्य तर आपल्या घरांनी बिनऔषधाचे बीच मागावे. मागणारे वाढले की दुकानदार ठेवतात, हे मी गल्ल्यामागून सांगतो आहे.

आणि आपल्यापैकी जे बी विकतात, त्यांना एकच विनंती. मोसमाच्या आधी एक ओले फडके आणि दहा दाणे, एवढाच खर्च आहे.

आई आता नाही. पितृपंधरवड्यातला सांभाराचा वाफा सूनबाई पेरते, कोजागरीची मेथी मी पेरतो. गुडघे दुखतात, म्हणून एक लहान पाट घेऊन बसतो. कापणीला आलेल्या बांधीतून सकाळी धुके उठते, महामार्गावरून ट्रक जात राहतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माती जराशी उचललेली दिसते. सांभाराच्या वाफ्याचा एक कोपरा आम्ही अजूनही कापून बाहेर देतो, पौर्णिमेच्या आधी. कोणाला देतो ते ठरलेले नसते. दारावरून भाजीची टोपली घेऊन जी पहिली बाई जाईल, तिला.

कोजागरी जवळ आली आहे. मेथीचे दहा दाणे आजच भिजत घाला.